कायदा आणि आपण : गावकीच्या बैठकीत हा गुन्हा मिटत नाही

प्रश्न : माझा 24 वर्षांचा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. वाडीतल्याच एका मुलीशी त्याचे 2024 च्या शिमग्यापासून संबंध होते. त्या वेळी ती 17 वर्षांची होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिला 18 पूर्ण झाली. लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार केल्याची फिर्याद तिने आता दिली आहे. गावकीतले जाणते म्हणतात की बैठक बोलावू, लग्न लावून देऊ, म्हणजे फिर्याद मागे घेतली जाईल. सारे तिच्या राजीखुशीने झाले, असे भावाचे म्हणणे असून तिचे मेसेजही त्याच्याकडे आहेत. शिक्षा किती होऊ शकते आणि आम्ही काय करावे?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ती बैठक आधी थांबवा. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. फिर्यादी आणि आरोपी यांनी समझोता केला म्हणून खटला संपत नाही, आणि लग्न लागले म्हणून गुन्हा आपोआप पुसला जात नाही. उलट चार माणसे मुलीच्या दारात गेली, तर त्यांचा हेतू काहीही असला तरी तो साक्षीदारावर आणलेला दबाव मानला जाऊ शकतो आणि भावाचा जामीन त्यावरूनच नाकारला किंवा रद्द केला जाऊ शकतो. खोटी साक्ष द्यावी म्हणून कोणी तिला धमकावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली 7 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि त्यात गावकीतले जाणतेही आरोपी होऊ शकतात. फिर्याद देताना त्या मुलीने वाडीत काय सोसले असेल, याचाही विचार आपण करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता शिक्षेविषयी. आपल्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तिचे वय ही आहे. ती आज सज्ञान आहे याने फरक पडत नाही. कृत्याच्या दिवशी तिचे वय किती होते, हे पाहिले जाते. 18 वर्षांखालील व्यक्तीची संमती कायदा मानत नाही, त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर 2024 या काळापुरता ‘राजीखुशीने झाले’ हा बचावच होऊ शकत नाही. या काळाला 2012 चा पोक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, लागू होतो. त्यात किमान शिक्षा 10 वर्षे आहे. पण असे संबंध एकाहून अधिक वेळा आल्याचे सिद्ध झाले, तर कलम 6 नुसार किमान 20 वर्षे सक्तमजुरी आणि कमाल आजन्म कारावास किंवा मृत्युदंडही सांगितला आहे. किमान शिक्षेखाली जाण्याची मुभा न्यायाधीशांना नाही. तिच्या वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला, दहावीचे किंवा तत्सम परीक्षेचे संबंधित परीक्षा मंडळाने दिलेले प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसल्यास ग्रामपंचायतीतली जन्मनोंद आणि तीही नसेल तरच वैद्यकीय तपासणी होते. त्या तारखा आपल्या वकिलांनी पहिल्याच दिवशी पाहायला हव्यात.

नोव्हेंबरानंतरच्या काळाचा विचार वेगळा आहे. लग्नाचे वचन मुळात खोटे होते, पाळण्याचा इरादाच नव्हता, की वचन खरे असून पुढे मोडले, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केला आहे. न्याय संहितेचे कलम 69 फसवणुकीने ठेवलेल्या संबंधांना 10 वर्षांपर्यंत कैद सांगते. मात्र ही संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आली आणि त्याआधीच्या कृत्यांना ते कलम लावता येत नाही. दोषारोपपत्र हाती आले की कोणत्या तारखेला कोणते कलम लावले आहे, हे ओळीओळीने तपासून घ्यावे.

मेसेज जसे आहेत तसे राहू द्यावेत. भावाने एकही पुसू नये, फोन बदलू नये. पुसलेले मेसेज पुष्कळदा परत मिळतात आणि ते पुसणे हाच त्याच्याविरुद्धचा मुद्दा ठरतो. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे नाव, फोटो किंवा संभाषण टाकणे हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला 2 वर्षांपर्यंत कैद आहे. तिचे चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध न्यायालयात काढून उपयोग नाही. संमतीच्या प्रश्नावर तो पुरावा कायद्यानेच वर्ज्य केला आहे. फिर्यादीतल्या एखाद्या तारखेला भाऊ खरोखरच समुद्रावर असेल, तर बंदरातली नोंद, डिझेलची पावती, बोटीच्या तांडेलाची साक्ष यांना किंमत आहे, परंतु ती त्या एका तारखेपुरतीच. मागाहून तयार केलेला कागद मात्र त्याला अधिक खोलात नेईल.

अटकपूर्व जामिनासाठी ओरोस येथील सत्र न्यायालयात अर्ज करता येतो. पीडिता 16 वर्षांखालील असेल तर न्याय संहितेच्या कलम 65 च्या गुन्ह्यात ती वाट बंद असते. येथे ती मोकळी आहे, पण जामीन मिळेलच असे नाही. अर्ज फेटाळला गेल्यास उच्च न्यायालयात जावे लागते आणि सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. भावाने लपून राहू नये. वकिलांच्या सल्ल्याने तपासाला सामोरे जावे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही आणि अटक झाल्यास तिची कारणे त्याला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज ओरोसच्या न्यायालयात देता येतो.