दुसऱ्या गावी असलेल्या वडिलांचा कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपवरून कसा चालवता येईल? त्यासाठी त्यांचा आयपी ॲड्रेस लागेल का?

आयपी ॲड्रेस लागत नाही. दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर क्विक असिस्ट नावाचं ॲप बहुधा आधीच असतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू या तीन कळा एकत्र दाबा. नाहीच उघडलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून फुकट मिळतं.

मायक्रोसॉफ्ट खातं फक्त तुमचं लागतं, वडिलांचं नाही. तुम्हाला सहा अक्षरी कोड मिळेल, तो त्यांना फोनवर सांगा. त्यांनी तो टाकून परवानगी दिली की त्यांची स्क्रीन तुम्हाला दिसू लागते. माउस हातात घ्यायला आणखी एकदा विनंती पाठवावी लागते. कोड काही मिनिटांतच बाद होतो, तेव्हा चष्मा आधी शोधून ठेवायला सांगा.

एका ठिकाणी हमखास अडतं. काही इन्स्टॉल करताना ‘या ॲपला बदल करू द्यायचे का’ अशी चौकट येते आणि तुमच्याकडची स्क्रीन काळी होते. कनेक्शन तुटलं समजून लोक सगळं बंद करतात. तुटलेलं काही नसतं. ती चौकट दूरच्या माणसाला मुद्दामच दाखवली जात नाही. तिथे ‘हो’ वडिलांनीच म्हणायचं.

आता आयपीचं. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी असतो, त्यामुळे बाहेरून थेट आत यायला वाटच नसते. म्हणून ही ॲप्स दोन्ही कॉम्प्युटरना मधल्या सर्व्हरकडे जायला लावतात आणि तिथे त्यांची गाठ घालून देतात. राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (म्हणजे बाहेरून आत यायचा दरवाजा) उघडून विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप वापरा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो पोर्ट हुडकून पासवर्ड चालवून बघणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. आणि विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत असं रिमोट डेस्कटॉपचं कनेक्शन स्वीकारायची सोयच नाही.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअरही चांगली आहेत, वैयक्तिक वापराला फुकट. पण ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारे भामटे लोकांना हीच ॲप्स टाकायला लावतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ॲपचा त्यात दोष नाही, आणि क्विक असिस्टनेही तसंच फसवता येतं. माझ्या आईला मी एवढंच सांगून ठेवलंय: ॲप उघड, कोड टाक असं कुणीही म्हणालं, अगदी माझं नाव सांगून म्हणालं तरी, फोन ठेवायचा आणि आपण उलटा मला लावायचा.

वडील समोर नसतानाही आत जायचं असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप बघा. ते क्विक असिस्टवरूनच त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवता येईल. पिन किमान सहा आकडी लागतो, जन्मतारीख ठेवू नका. कॉम्प्युटर मात्र चालू हवा, त्यामुळे पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करून ठेवा आणि रात्री मेन स्विच बंद करायची सवय असेल तर तेही आधी बोलून घ्या.