ग्वाल्हेरात ४५ अंश तर पूर्वीही असायचे, मग उष्णतेच्या लाटांवर एवढे संशोधन कशासाठी?

ग्वाल्हेरचा पारा आजोबांच्या काळीही मे महिन्यात ४५ अंशांवर जात असे आणि माणसे तरीही जगत होती, मग आताच हा गवगवा का, असे आपण विचारले आहे. मी लष्कर भागात वाढलो आणि पस्तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे मास्तरी होईल, ते गोड मानून घ्यावे. आकड्यापुरते आपले म्हणणे खरे आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि लू, म्हणजे तेव्हा वाहणारा कोरडा, तापलेला वारा, आम्हाला नवीन नाहीत. परंतु दुपारचा कमाल आकडा हा शरीराला सोसाव्या लागणाऱ्या उष्णतेचा केवळ एक भाग असतो. हवेतला ओलावा आणि रात्रीचे तापमान हे इतर दोन महत्त्वाचे भाग आपल्या तुलनेत आलेलेच नाहीत.

ओलाव्याचे घरच्या कूलरवरून सांगतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली की वाळ्याच्या ताट्यांवरचे पाणी झपाट्याने उडते, टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते आणि खोलीत शाल घ्यावी इतका गारवा येतो. जूनअखेरीस तापमान ३६ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ७० टक्क्यांवर गेलेली असते. टाकी सकाळी भरली तशीच संध्याकाळी दिसते आणि कूलर नुसता चिकट वारा फेकत राहतो. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून जे तापमान मिळते, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात आणि त्याखाली असा घरचा कूलर हवेला नेऊ शकत नाही. वरच्या पहिल्या उदाहरणात ते सुमारे २४ अंश आहे, दुसऱ्यात सुमारे ३१. घाम हा आपल्या शरीराचा कूलर असल्यामुळे त्यालाही हाच नियम लागू होतो. माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा ३५ अंश वेट बल्ब असावी, असे २०१० मध्ये गणिताने मांडले गेले होते. पुढे अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष प्रयोग केले आणि २०२२ मध्ये जाहीर केले की दमट हवेत हलक्या हालचाली करतानाही ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच येते. कोरड्या, तापलेल्या हवेत ती त्याहूनही खाली असते, कारण शरीर हवा तितक्या वेगाने घाम बनवूच शकत नाही. तेव्हा कोरडी लू निरुपद्रवी आहे, असा अर्थ कृपया काढू नये.

आपल्या तुलनेतली खरी मेख इथेच आहे. उत्तर भारताच्या मैदानात सिंचन वाढल्यामुळे आणि हवेतील सूक्ष्म कणांनी ऊन अडवल्यामुळे दुपारचा कमाल आकडा काही प्रमाणात दबला गेला, पण त्याच सिंचनाने हवेतला ओलावा वाढवला. त्यामुळे पूर्वीचे ४५ आणि आताचे ४५ शरीराला सारखे असतीलच असे नाही.

रात्रीचा विचार भारतीय हवामान विभागानेही वेगळा केला आहे. दिवसाचे कमाल तापमान ४० अंशांवर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त राहिले, तर ती 'उष्ण रात्र' ठरते. त्वचेकडे रक्त ढकलून शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय दिवसभर जादा काम करते आणि त्याला उसंत मिळते ती रात्री. ती न मिळाल्यास हृदय आणि मूत्रपिंड यांवरचा ताण दिवसागणिक साचत जातो. म्हणूनच लाटेत दगावलेल्या पुष्कळांच्या दाखल्यावर 'उष्माघात' हा शब्द येत नाही, हृदयविकार येतो. खरा आकडा काढायचा, तर त्या काळातील एकूण मृत्यू आणि एरवीचे मृत्यू यांची वजाबाकी करावी लागते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये तापमान ४६.८ अंशांवर गेले होते, तेव्हा याच रीतीने १,३४४ जादा मृत्यू निघाले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. मला त्या अभ्यासांतली सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट मात्र अगदी साधी आहे: तेथील एका रुग्णालयात प्रसूती विभाग तापणाऱ्या छताखालून खालच्या मजल्यावर हलवला आणि उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात न्याव्या लागणाऱ्या बाळांचे प्रमाण स्पष्टपणे घटले.

हवामानबदलाचा वाटाही आता मोजता येतो. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचे दाणे भरण्याआधीच वाळले आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे त्या लाटेची शक्यता सुमारे तीसपट वाढली होती, असा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाचा अंदाज आहे.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरे का, असेही आपण विचारले आहे. कांदा खिशात ठेवण्यापेक्षा पोह्यांत घालावा. पन्हे मात्र जरूर घ्यावे, त्यातले पाणी आणि मीठ खरोखर उपयोगी पडते. खोलीचे तापमान ४० अंशांवर असेल तर नुसत्या पंख्याने अंग अधिकच तापते. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तोंडात पाणी ओतू नये. त्याला सावलीत आडवा करून अंगावर गार पाणी मारत राहावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आमच्या जुन्या वाड्याच्या तळमजल्याच्या दगडी भिंती जूनमध्येही रात्री हाताला गार लागतात, आणि गच्चीवर नंतर चढवलेल्या स्लॅबच्या खोलीची भिंत रात्री अकरालाही कोमट असते. त्या खोलीत एक वृद्ध काकू भाड्याने राहतात. वर्तमानपत्रात मी आता किमान तापमान आधी वाचतो, आणि ते ३० च्या वर असले की त्यांचे अंथरूण खालच्या ओसरीवर घालतो.