कोकोच्या बागेत एक दिवस पुरेल का?

प्रश्न : आमच्या कुळागरात पोफळींच्या सावलीत कोकोची थोडी झाडे आहेत; फळे बहुतेक खारीच फस्त करतात. एका लहान सेंद्रिय कोको बागेत पारंपरिक पद्धतीने चॉकलेट करायला शिकवतात, असे समजले. कधी जावे, आणि एका दिवसात शिकून घरी करता येईल का? — एक वाचिका, डिचोली

उत्तर : जरूर जावे, मात्र एका दिवसात सारे हाती येणार नाही. भाजणे, पाखडणे आणि वाटणे तुम्हाला लवकर जमेल, कारण सूप आणि रगडा तुमच्या हातांना परके नाहीत. परंतु चॉकलेटची चव मुख्यतः त्याआधीच, फळ फोडल्यानंतरच्या आठवड्याभरात ठरते. बियांभोवतीचा पांढरा आंबटगोड गर केळीच्या पानांखाली किंवा लाकडी पेटीत 5 ते 7 दिवस आंबतो, ढीग 45 ते 50 अंशांपर्यंत तापतो, बीमधला अंकुर मरतो आणि भाजल्यावर जो चॉकलेटचा वास सुटतो त्याची तयारी आतल्या आत होते. म्हणून बागेच्या मालकांना आधीच विचारून, फळे फोडण्याच्या दिवशी एकदा आणि बिया उन्हात पडल्यावर पुन्हा एकदा, असे दोनदा जावे.

आपल्याकडे कोकोची फळे वर्षभर थोडीफार मिळत असली, तरी मोठी तोडणी सप्टेंबर ते जानेवारी आणि एप्रिल ते जून या काळात होते. त्यातही दिवाळीनंतरचे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात, कारण बियांतील ओलावा सुमारे 7 टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो आणि गोव्याच्या पावसात त्यांना बुरशी धरायला वेळ लागत नाही.

तिथे गेल्यावर वाळलेली एक बी सुरीने उभी चिरून दाखवायला सांगा. आत तपकिरी रंग आणि भेगा दिसल्या तर ती नीट आंबली आहे. जांभळी असेल तर कमी आंबली आहे, आणि पाटीसारखी करडी असेल तर मुळीच आंबलेली नाही. ही एक परीक्षा डोळ्यांत बसली तरी भेट सार्थकी लागली असे मी म्हणेन. थोड्या बियांचा ढीग पुरेसा तापत नाही, त्यामुळे तुमच्या मोजक्या झाडांची फळे ते आपल्या ढिगात घेतील का, हेही मोकळेपणाने विचारावे.

घरच्या रगड्यावर वाटलेले चॉकलेट दुकानातल्या वडीसारखे मऊसूत होत नाही, कारण तो मऊपणा यंत्रावर कित्येक तास, कधी दिवसभराहूनही अधिक वाटल्याने येतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, जिथली ही परंपरा आहे, तिथे दगडावर वाटलेला कोको शतकानुशतके प्यायलाच जात असे. खाण्याची वडी इंग्लंडमध्ये 1847 च्या सुमारास आली. तेव्हा आरंभ पेयापासूनच करावा. त्यात आपला माडाचा गूळ फार सुरेख लागतो; वडीत मात्र तो घालू नये, कारण त्यातील ओलाव्याने वितळलेले चॉकलेट घट्ट होऊन त्याचा गोळा बनतो.

आणखी एक गोष्ट आतापासूनच करता येईल. कोकोची फुले खोडावर येतात आणि त्यांचे परागीकरण करणारी चिलटे झाडाखालच्या कुजत्या पाल्यात वाढतात. कुळागर झाडून लख्ख ठेवण्याची आपली सवय चांगली असली, तरी या झाडांखालचा पाला तेवढा राहू द्यावा. काळी पडून कुजलेली फळे मात्र लगेच काढून दूर न्यावीत, नाहीतर पावसात तो रोग शेजारच्या फळांवर पसरतो.