फॉरेन्सिक केमिस्ट व्हायचंय. बीएस्सी केमिस्ट्री अर्धवट सोडून फॉरेन्सिकच्या कोर्सला जाऊ का?

नका जाऊ. या कामाचा कणा ॲनालिटिकल केमिस्ट्री आहे. पुरावा सील कसा करायचा, कोणाकडून कोणाकडे गेला त्याची नोंद कशी ठेवायची, हे लॅबमध्ये रुजू झाल्यावर शिकवतात. मास स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचा आलेख, वाचायला कोणी शिकवत बसत नाही.

शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट जीसी-एमएसवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणारं मशीन) होता, कॅफिनचा. प्रत्येक सॅम्पलनंतर मी नुसत्या मेथॅनॉलचं ब्लँक लावायचो, आधीचं काही मशीनमध्ये उरलंय का ते बघायला. गाईड सर वैतागायचे, मशीनचा वेळ फुकट घालवतो म्हणून. एकदा कडक स्टँडर्डनंतरच्या (कॅफिनच्या दाट द्रावणानंतरच्या) ब्लँकमध्ये कॅफिनच्याच रिटेन्शन टाइमला, म्हणजे ते मशीनमधून बाहेर पडतं त्याच वेळेला, इवलासा पीक आला. सर म्हणाले, "नॉइज आहे, चल पुढे." मी स्पेक्ट्रम उघडला. कॅफिनच्या ओळखीचे आकडे १९४ आणि १०९, दोन्ही ठसठशीत. नॉइजला १९४ कुठून येणार? सिरिंज धुतली, लायनर (सॅम्पल शिरतं तिथली काचेची नळी) बदलला, ब्लँक स्वच्छ आलं तेव्हाच पुढचं सॅम्पल लावलं. त्यावर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हा काय कोर्टात रिपोर्ट देणारे?"

देतो की आता. आणि उलटतपासणीत वकील नेमकं तेच विचारतात: आधीच्या सॅम्पलमधलं यात उतरलं नाही कशावरून?

मेथॲम्फेटामिन आणि वजन कमी करायचं औषध फेंटरमिन घ्या. दोघांचा रेणुभार १४९, दोघांचा बेस पीक (स्पेक्ट्रममधला सर्वात उंच) ५८. कॉम्प्युटरमधल्या साठ्याशी स्पेक्ट्रम जुळला (लायब्ररी मॅच) एवढंच बघून सही ठोकणारा इथे आपटतो; रिटेन्शन टाइम स्टँडर्डशी ताडावाच लागतो. कलर टेस्टचा तर फक्त संशयापुरता उपयोग. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी लॅबमधली एक केमिस्ट सॅम्पल न तपासताच रिपोर्ट देत होती. २०१२ मध्ये भांडं फुटलं, २०१७ मध्ये २१ हजारांवर केसेस रद्द झाल्या. 'चल पुढे'ची सवय कॉलेजातच लागते, सर.

हां, डीएनएकडे वळायचं असेल किंवा घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. ती वाट वेगळी. काही जागांना फॉरेन्सिकची पदवीच मागतात, तेव्हा जाहिराती आधी वाचा. फॉरेन्सिकचे सगळेच कोर्स पोकळ असतात असंही नाही. प्रवेश घेण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एवढंच विचारा, स्वतःच्या हाताने मशीनमध्ये सॅम्पलची किती इंजेक्शनं मारली? मशीन काचेआडूनच दाखवत असतील, तर आहात तिथेच बरे आहात.