४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही, ती संयुक्त आहे: ६४१ × ६७००४१७. ही संख्या म्हणजे २^३२ + १. फ्रेंच गणिती फर्मा तिला मूळ समजत होता. पुढे ऑयलर या गणितीने १७३२ मध्ये ६४१ हा अवयव दाखवला. ताळा कागदावर करून बघाच, फार देखणा आहे. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ५^४ म्हणजे ६२५ = ६४१ − १६, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ चालतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. मात्र संगणकावर तपासताना फर्माची चाचणी (n मूळ आहे का हे बघायला एखादा पाया a घेऊन a^(n−१) ला n ने भागल्यावर बाकी १ येते का ते पाहणं) फक्त २ हा पाया घेऊन लावू नका, त्यात ही संख्या मूळ असल्यासारखी पास होते. ३ घेतलात की पकडली जाते.