बर्फात गाडी अडली तर अनोळखी माणसांवर किती विसंबावं?

तुम्ही दोघं आणि ६८ वर्षांची आई, जानेवारीत आठ दिवस बर्फाच्या रस्त्यांवर स्वतःची गाडी घेऊन निघताय. बर्फात गाडी चालवायची ही पहिलीच वेळ. तुम्ही विचारलंय की गाडी कुठे अडलीच तर ओळख ना पाळख अशी माणसं मदतीला येतात का, आली तर त्यांच्यावर विश्वास टाकावा का, आणि पैसे द्यावेत का.

मदतीला येतात. मी १४ वर्षं जवळजवळ दर हिवाळ्यात असा एक तरी प्रवास करतो. त्यात सहा वेळा पुरता अडकलो आणि सहाही वेळा कुणी ना कुणी थांबलं. तेव्हा तो घोर मनातून काढा. पण पहिल्याच खेपेला मला जे कळलं ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, उजेड सरत आलेला. उतारावरच्या वळणावर मागची चाकं सरकली आणि गाडी अगदी अलगद, आवाजही न करता, कडेच्या चरात जाऊन बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दहा-बारा मिनिटांत एक ट्रक आला. चालक उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "टोचनचा हुक कुठंय?" मला माहीत नव्हतं. चार वर्षं ती गाडी वापरत होतो, पण असा हुक असतो हेच ठाऊक नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना तो कायमचा बसवलेला नसतो. डिकीत स्टेपनीजवळ जॅक-पान्याच्या पिशवीत सुटा पडलेला असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून आत पिळून बसवावा लागतो. आमच्या डिकीत त्यावर चार बॅगा, पांघरुणं, बूट. त्या माणसानं टॉर्च दातात धरला, गुडघे बर्फात टेकले, एकेक बॅग माझ्या हातात दिली, तळाचा पुठ्ठा उचलला आणि हुक शोधून काढला. आटे उलटे होते, डावीकडे फिरवत बसवायचा होता. ते चाचपायला त्यानं हातमोजे काढले आणि ते गारठलेलं लोखंड उघड्या बोटांनी फिरवलं. हुक सापडून बसेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. गाडी ओढून बाहेर काढायला चार. निघताना पाहिलं तर त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि तो हात काखेत दाबून उभा होता.

ती बोटं अजून डोळ्यांसमोर आहेत. तोवर मला वाटायचं की तयारी करायची ती कुणाची गरज पडू नये म्हणून. बर्फात गरज पडतेच. तयारी करायची ती थांबणाऱ्या माणसाला आपल्यापायी थंडीत कमीत कमी वेळ उभं राहावं लागावं म्हणून.

म्हणून निघण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी हुक काढून, बसवून, परत काढून बघा. दोघांनीही. मग तो डिकीच्या तळाशी परत टाकू नका, चालकाच्या सीटखाली ठेवा. टोचनची पट्टी स्वतःची घ्या, गाडीचं वजन पेलेल अशी. ओढताना आई गाडीतही नकोत आणि पट्टीच्या आसपासही नकोत. ताणलेली पट्टी किंवा दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, त्यामुळे उभ्या माणसांनी पट्टीच्या लांबीपेक्षा जास्त लांब राहायचं. एक लहान फावडं आणि एखादी पिशवी कोरडी वाळू. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर दाबत राहू नका. खालचा बर्फ वितळून त्याची काच होते आणि गाडी आणखी रुतते. पाय काढा, उतरा, चाकापुढचा बर्फ उकरा, वाळू टाका.

टायर बर्फात घसरू नयेत म्हणून लावायच्या साखळ्या ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांनाच बांधायच्या. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढे. त्याही कोरड्या जमिनीवर दोनदा बांधून बघा. अंधारात, वाऱ्यात, हातमोजे घालून पहिल्यांदा बांधायला घेतल्या तर तुम्ही कुणाला तरी थांबवाल, आणि तो थांबेलही.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते बाकीचे सांगतील. एवढंच लक्षात असू द्या की बर्फाच्या पापुद्र्यावर ब्रेक लागायला कोरड्या रस्त्यापेक्षा दहापट अंतर लागू शकतं. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण थंडी त्याला खालूनही लागते. आणि शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ उणे वीसच्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, त्यामुळे दुपारी ऊन पडलं म्हणून सैल सोडू नका. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. डिझेलची गाडी असेल तर उबदार भागात भरलेली टाकी घेऊन थेट वर जाऊ नका. कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. थंड भागात हिवाळ्यासाठीचं डिझेल मिळतं, ते भरा.

बॅटरीचं मात्र सांगतो, कारण तिथे एका बाईंनी मला मोठ्या अपघातातून वाचवलं. एका मुक्कामी सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. उणे अठराच्या आसपास बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यामुळे नेमका तेव्हाच तिला जास्त जोर लावावा लागतो. शेजारच्या खोलीतल्या बाई, ज्यांच्याशी आदल्या रात्री एक शब्दही झाला नव्हता, आवाज ऐकून जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून बंद गाडी चालू करायच्या जाड तारा, घेऊन खाली आल्या. मी काळ्या केबलचं शेवटचं टोक माझ्या बॅटरीच्या उणे टोकाला लावायला निघालो तसा त्यांनी माझा मनगटाशी हात धरला. आधी लाल टोक बंद बॅटरीच्या अधिकला, दुसरं लाल चालू बॅटरीच्या अधिकला, मग काळं चालू बॅटरीच्या उणेला, आणि शेवटचं काळं बंद गाडीच्या इंजिनावर, बॅटरीपासून लांब, रंग नसलेल्या धातूला. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. त्यांनी हे सगळं शांतपणे समजावलं, गाडी चालू झाल्यावर केबल गुंडाळली आणि वर निघून गेल्या. हा क्रम एका कागदावर लिहून केबलच्याच पिशवीत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे कृपा करून घाई करू नका. रस्ता बंद होऊन गाड्यांची रांग थांबली, रात्र गाडीत काढायची वेळ आली, तर धोका थंडीइतकाच धुराचाही असतो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फवृष्टीत अडकलेल्या गाड्यांमध्ये २०हून अधिक माणसं गेली. त्यातल्या कित्येकांचा जीव थंडीनं नव्हे, गाडीत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. हीटरसाठी इंजिन चालू, बाहेर बर्फ चढत जाऊन सायलेन्सरचं तोंड बुजलेलं, काचा घट्ट बंद. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपतो. म्हणून इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवायचं. प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातानं काढायचा, आणि वारा ज्या बाजूनं येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. आईंचं डोकं दुखायला लागलं तर दगदग झाली असेल म्हणून त्यांना झोपू देऊ नका. आधी इंजिन बंद, दारं उघडी. रात्री दोघांपैकी एकानं जागं राहायचं. आणि वादळात गाडी सोडून मदत शोधायला चालत जायचं नाही, समोर दिवा दिसत असला तरी.

मागच्या-पुढच्या गाडीची काच ठोठावून हे त्यांनाही सांगा. माझ्या मते अशा रात्री कुणी कुणासाठी करण्यासारखं याहून मोठं काम नाही.

त्याच जानेवारीत, मरीच्या काही दिवस आधी, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या आय-९५ महामार्गावर शेकडो गाड्या बर्फात रात्रभर अडकल्या होत्या. सिनेटर टिम केन त्यांत होते. एरवी दोन तासांच्या रस्त्याला त्यांना २७ तास लागले. फ्लोरिडाहून घरी परतणारं एक कुटुंब त्या रांगेतून चालत संत्री वाटत होतं, एक त्यांनाही मिळालं. त्याच रांगेत बेकरीचा एक ट्रक उभा होता. अडकलेल्या एका जोडप्यानं बेकरीला फोन लावला, मालकानं माल वाटून टाकायला सांगितलं, आणि चालकासोबत लोकांनी गाडी-गाडीला जाऊन पाव पोचवले. आपल्याकडे २८ डिसेंबर २०१८ला सिक्कीममध्ये नथुलाहून परतणारे सुमारे २,५०० पर्यटक बर्फात अडकले, तेव्हा लष्करानं त्यांना आपल्या छावण्यांत रात्रभर ठेवून घेतलं, जेवण, गरम कपडे, औषधं दिली. लष्कराचं ते कामच म्हणता येईल. पण संत्री वाटणारं कुटुंब स्वतःही त्याच बर्फात अडकलेलं होतं, हे मला फार मोठं वाटतं. तुम्हीही तिघांना पुरेल त्याच्या दुप्पट खाणं आणि पाणी गाडीत ठेवा.

विश्वासाबद्दल. तुम्हाला भीती वाटते, तशी थांबणाऱ्यालाही वाटते. अंधाऱ्या रस्त्यावर उभ्या गाडीत कोण आहे हे त्याला दिसत नसतं. गाडीतला दिवा लावा, चारी इंडिकेटर चालू ठेवा, हात दिसतील असे ठेवा. आतली म्हातारी आई दिसली की पुढचा माणूस निम्मा निर्धास्त होतो. जो खरंच मदत करायला आलाय तो आधी "कुणाला लागलंय का" विचारतो, मग गाडीकडे बघतो. जो आधी पैशांचं बोलतो किंवा "तुम्ही एकटेच माझ्या गाडीत बसा" म्हणतो, त्याला काच थोडी खाली करून एवढंच सांगा की पुढे कळवा, आम्ही इथेच थांबतो. फोनला सिग्नल असेल तर त्याच्या गाडीचा नंबर घरी कळवून ठेवा आणि त्याच्यासमोरच कळवा. चांगला माणूस त्याचं वाईट वाटून घेत नाही. फोन मात्र आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, नाहीतर थंडीनं ऐन वेळी बंद पडतो. आणि तिघांनी वेगळं व्हायचं नाही.

पैशांचं उत्तर मला एका आजींनी दिलं. रात्री आठच्या सुमारास बर्फ हटवणाऱ्या यंत्राच्या चालकानं आमची काच ठोठावली. पुढचा रस्ता सकाळशिवाय उघडणार नाही म्हणाला. त्यानं आम्हाला मागच्या वस्तीतल्या एका घरी नेऊन सोडलं आणि लगेच कामावर परत गेला. आजी सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी काही विचारायच्या आधी आमच्या पायांकडे पाहिलं. बायकोचे मोजे ओले होते. ते काढून घेऊन चुलीवरच्या दांडीवर घातले, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि आम्हाला झोपायला लावलं. सकाळी उठून बघतो तर चुलीशेजारी ओल्या कागदाचे दोन ढीग होते आणि बुटांत कोरडे, नवे बोळे. म्हणजे रात्रीतून दोनदा उठून त्यांनी ते बदलले होते. बूट आतून कोरडे ठणठणीत.

मी पाकीट काढलं तसं त्यांनी तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं काही न बोलता कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि दारापासून लाकडांच्या खोपटापर्यंतची वाट साफ करायला लागली. मीही गेलो. तासभर लागला. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी थांबवलं नाही. निघताना माझ्या बायकोचे हात दोन्ही हातांत धरले.

तेव्हा गाडी ओढणं ज्याचा धंदा आहे त्याला ठरलेले पैसे पूर्ण द्या, घासाघीस करू नका. ज्यानं वाट सोडून मदत केली त्याला एकदा विचारा, नको म्हणाला तर पाकीट आत. घरात आसरा मिळाला तर हातानं होईल ते काम करा: लाकडं, पाणी, बर्फ, भांडी. आणि वाटेत दुसऱ्याची गाडी अडलेली दिसली तर तुम्हीही थांबा, पण वळणावर किंवा त्याच्या मागे लगेच नको. पुढे जाऊन सपाट, दिसेल अशा जागी गाडी लावा आणि कडेकडेनं चालत या.

साखळ्या अजून घेतल्या नसतील तर थांबा. टायरच्या कडेवर २०५/५५ आर १६ अशा धर्तीचा आकडा असतो, तो आणि गाडीचं मॉडेल कळवा. कोणत्या मापाच्या लागतील ते बघून सांगतो.