'अविश्वसनीय वेग' म्हणावे की 'अविश्वासार्ह'?

विमानविषयक मजकुराचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने 'अनरिलायेबल एअरस्पीड' (विमानात दिसणारा वेगाचा आकडा भरवशाचा नसणे) या संज्ञेला 'अविश्वसनीय वेग' हा पर्याय चालेल का, असे विचारले आहे. व्युत्पत्तीने तो बरोबर आहे, तरीही तो वापरू नये असे मला ठामपणे वाटते. 'विश्वसनीय सूत्रे' म्हणताना आपण भरवशाबद्दलच बोलतो. पण नकार जोडला की हाच शब्द 'अविश्वसनीय झेल'कडे, म्हणजे थक्क करणाऱ्या गोष्टीकडे झुकतो. 'अविश्वसनीय वेग' वाचून विमान भलतेच जोरात चालले आहे, असाच समज होईल. भरवशाचा अर्थ 'अविश्वासार्ह'मध्ये शाबूत आहे.

मग सरळ 'चुकीचा वेग' का म्हणू नये? समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजण्यासाठी विमानाबाहेर बसवलेल्या पिटो नळीच्या तोंडाशी बर्फ साचला की आत पोहोचणारा हवेचा दाब घटतो आणि विमानाचा वेग तोच असूनही पडद्यावरचा आकडा खाली येतो. एअरबसच्या विमानांत असे तीन स्वतंत्र आकडे संगणकांपुढे असतात. एक आकडा इतर दोहोंपासून फार दूर गेला, तर तो बाद केला जातो. उरलेल्या दोघांतही मेळ नसेल, तर खरा कोणता हे संगणकाला ठरवता येत नाही. 'चुकीचा' म्हणायला बरोबर आकडा ठाऊक असावा लागतो, आणि इथे नेमका तोच ठाऊक नसतो. शिवाय एकमत झालेले दोन आकडेही, दोन्ही नळ्या एकदमच गोठल्या असतील, तर खोटे असू शकतात.

विशेषण कोणाला लावायचे, हेही पाहावे. विमानाचा खरा वेग बेभरवशाचा झालेला नसतो, त्याचे मापन झालेले असते; म्हणून संज्ञा म्हणून मी 'अविश्वासार्ह वेगमापन' सुचवेन. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात हा फरक जीवघेणा ठरला. बर्फकणांमुळे बिघडलेले मापन साधारण मिनिटभरात सावरले, परंतु तोवर स्वयंचालक (ऑटोपायलट) सुटला होता, संगणकांनी नियंत्रणाची पर्यायी पद्धत स्वीकारली होती, आणि नेहमीच्या पद्धतीत विमानाला स्टॉलपासून, म्हणजे पंखांची उचल तुटून खाली पडू लागण्यापासून, राखणारे संरक्षण उरले नव्हते. अशा वेळी वैमानिकाने आकड्यांमागे न धावता नाकाचा कोन आणि इंजिनांची शक्ती ठरलेल्या मूल्यांवर ठेवायची असते. त्या विमानाचे नाक मात्र वर उचलले गेले आणि ते स्टॉलमध्ये गेले. २२८ जण मृत्युमुखी पडले.